सत्त्याऐंशी मीटर

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पुढच्या गुरुवारच्या बैठकीचा गठ्ठा आज आला. पालिकेचा शिपाई दारातच म्हणाला, "बाई, या वेळी जड आहे हं." नियोजन मंडळावर येऊन मला चौदा महिने झाले, तरी गठ्ठा हातात पडला की छाती थोडी फुगतेच. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. एकतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. आता या सान एलियास शहरात कुठल्या जागेवर काय व्हावं हे ठरवणाऱ्या सात जणांत मी एक. माझा नवरा हासिंतो असता तर म्हणाला असता, "सोकोर्रो, आता अख्ख्या गावाला तू पट्टी मारणार."

तीन प्रकरणं आहेत. हमरस्त्यावर पेट्रोल पंप. जुन्या कातडी कारखान्याच्या जागेवर सदनिका. आणि तिसरं आमच्याच रस्त्यावरचं. फ्रेस्नोस रस्ता, क्रमांक १४, अर्जदार ओफेलिया उएर्ता. राहत्या घराचा वापर बदलून दहा खाटांचं निवासगृह, डायलिसिसचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतच्या माणसांसाठी.

ते घर म्हाताऱ्या सेन्योरिता लान्दाचं. ओफेलियाने नऊ वर्षं तिचं सगळं केलं, अगदी अंथरुणातलं सुद्धा, आणि म्हातारीने घर तिच्या नावावर करून डोळे मिटले. भाचे बसले हात चोळत. ओफेलियाला मी पूर्वीपासून ओळखते. शाळेच्या फाटकाशी ती तामाल विकायची, मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेले.

दोन फायली वाचून झाल्या. तिसरी उद्या.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तिसरी आज वाचली. अहवाल इराईसचा आहे, म्हणजे पालिकेतल्या त्या तरुण इंजिनिअर मुलीचा. स्वच्छ लिहिते. आमचा भाग फक्त एका कुटुंबाच्या राहत्या घरांसाठी राखलेला, पण मंडळ अटी घालून अपवाद करू शकतं. तिची शिफारस 'मंजूर करावे' अशी. प्रादेशिक इस्पितळ दोन रस्ते पलीकडे, डोंगरातल्या वाड्यांहून लोक आठवड्यातून तीनदा उपचाराला येतात, परतीची बस मिळत नाही, इस्पितळाच्या ओसरीत पुठ्ठ्यांवर झोपतात.

हे कळायला मला अहवाल लागत नाही.

दुपारी बाजारात गेले. हल्ली मी चर्चच्या बाजूने जाते. लांब पडतं, पण चालणं चांगलं असतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

जागेची पाहणी. सातातले सहा आलो होतो. हॉटेलवाला आला नाही, तो कधीच येत नाही.

घर चकचकीत पुसलेलं. ओफेलियाने सगळ्यांसाठी आतोले, मक्याच्या पिठाचं गरम पेय, करून ठेवलं होतं. आमचे अध्यक्ष, वास्तुविशारद बाल्तासार ओचोआ, नावामागे मानाचं 'दोन्या' लावून म्हणाले, "अर्जदाराकडून आम्हाला काही घेता येत नाही, दोन्या ओफेलिया."

"आतोले आहे साहेब, लाच नाही," ती म्हणाली. "लाच असती तर साखर जास्त घातली असती."

सगळे हसले, पण कोणी घेतलं नाही.

आतल्या अंगणात दोघी बायका आधीच बसलेल्या. परवानगी नसताना ती माणसं ठेवते तर. "पाहुण्या आहेत," ओफेलिया माझ्याकडे न बघता म्हणाली. त्यातली एक म्हातारी, दोन्या तोमासा, मूठभर जीव, दंडाला पट्टी. ती अध्यक्षांना म्हणाली, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही आजी. आम्ही नियोजन मंडळ."

"ते काय असतं?"

"कुठली जागा कशासाठी वापरायची, ते आम्ही ठरवतो."

म्हातारीने थोडा विचार केला. "मग मी कुठे बसले तर चालेल ते सांगा."

अध्यक्षांनी हातातली फाईल उगाच उघडून मिटली.

निघताना ओफेलियाने दारात विचारलं, "बाई, बऱ्या आहात ना?" एवढंच. हासिंतोचं नाव काढलं नाही. बरं झालं.

रविवार, १० नोव्हेंबर

ग्रासिएलाकडे पत्ते. दर रविवारी आम्ही चौघी खेळतो. तिचं घर १६ नंबर, १४ ला लागून. आज मात्र पत्ते कोणी धड बघतच नव्हतं.

"सोकोर्रो, तू मंडळावर आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," ती म्हणाली.

मी स्पष्ट सांगितलं की प्रलंबित प्रकरणावर मला बाहेर बोलता येत नाही.

"मग बोलू नकोस. नुसती ऐक."

मी ऐकलं. रोज दहा अनोळखी माणसं. रुग्णवाहिका. सुया कचऱ्यात. घरांच्या किमती. तिचे यजमान, वकील उरुतिया, कॉफीचा पेला घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "आजारी माणसांविरुद्ध बोललं की आपण राक्षस. पार्किंगविरुद्ध बोललं की आपण जागरूक नागरिक. नियमात तीन खाटांमागे एक गाडीची जागा सांगितलीय. दहा खाटा म्हणजे चार. तिच्याकडे एक आहे." आणि माझ्याकडे बघून हसले.

लुसेरोचा फोन आला. पोरगी पुन्हा तेच म्हणते, घर विक आणि माझ्याकडे केरेतारोला ये. मी ग्रासिएलाच्या बोलण्याचं तिला काही सांगितलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आचारसंहितेचं कलम नऊ: प्रस्तावित जागेपासून शंभर मीटरच्या आत ज्या सदस्याची मालमत्ता असेल त्याने चर्चेत व मतदानात भाग घेऊ नये.

शाळेची लांब फीत घरात आहेच. सकाळी माझ्या दारापासून १४ च्या दारापर्यंत पदपथावरून मोजलं. एकशे बारा मीटर. दारापासून दारापर्यंतच मोजायला हवं, माणसं दारातून ये-जा करतात, भिंतींतून नाही.

इराईसला फोन करून सांगितलं, "एकशे बारा." ती म्हणाली, "बरं बाई, नोंद करते." मग जरा थांबून, "कसं मोजलंत?"

"फितीने," मी म्हणाले. आवाज थोडा चढलाच. कालची पोर मला मोजायला शिकवणार!

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सभागृह भरलं होतं. एका बाजूला आमची आळी, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला ओफेलिया, इस्पितळातली एक परिचारिका आणि डोंगरातली आठ-दहा माणसं, टोप्या मांडीवर. मधल्या वाटेने दोन्ही बाजूंना असं तोडलं होतं की कोणी ती ओलांडून बसलं नाही.

आधी इराईसने अहवाल वाचला. शिफारस मंजुरीची, सहा अटी: पाटी नको, नऊनंतर फाटक बंद, वैद्यकीय उपचार आत नाहीत, वगैरे. मग प्रत्येकाला तीन मिनिटं. आळीतून अकरा जण बोलले. एकही जण आजाऱ्यांविरुद्ध बोलला नाही. सगळे पार्किंगवर बोलले. एक जण पार्किंगवर बोलता बोलता रडला.

ओफेलिया उठली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. म्हणाली, "साहेब, आमच्याकडे जे येतात त्यांच्याकडे गाडी असती तर ते रात्री आपल्या घरी गेले असते."

हशा झाला. आमच्या बाजूचे काहीजणही हसले. मला वाटलं, आता ती माझं नाव घेईल. म्हणेल, या बाईंना विचारा, अकरा महिने त्या इस्पितळात यांच्या यजमानांच्या शेजारी कोण कोण बसायचं ते. तिला ठाऊक होतं. तेव्हा ती इस्पितळाच्या फाटकाशी तामाल विकायची, आणि हासिंतोला पथ्यामुळे चालत नसलं तरी त्याच्या हातात गरम पान ठेवायची, नुसती ऊब म्हणून. माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "एवढंच आहे माझं. झाली तीन मिनिटं?"

एकच मिनिट झालं होतं.

मंडळाची चर्चा. विद्यापीठातले प्राध्यापक म्हणाले, शहराच्या आराखड्यातच इस्पितळाभोवती पूरक सेवा असाव्यात असं लिहिलंय. डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला. व्यापारी संघाचा माणूस विरुद्ध. हॉटेलवाला विरुद्ध, त्याचं कारण सगळ्यांना माहीत. बांधकामवाला विरुद्ध. अध्यक्ष बाजूने. तीन आणि तीन. मग सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "हेतूबद्दल मला आदरच आहे. पण नियमानुसार चार गाड्यांची जागा लागते आणि एकच उपलब्ध आहे. नियम सगळ्यांना सारखा." वर्गात बोलायचे तसा आवाज लागला होता. स्पष्ट, शांत. मी हात वर केला.

चार विरुद्ध तीन. नामंजूर.

टाळ्या वाजल्या. ग्रासिएलाने लांबून मला हातानेच चुंबन पाठवलं. मी तो हात सगळ्यांनी पाहिला का, ते बघत होते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ग्रासिएलाने केक पाठवला. त्याच्यावर अक्रोड होते. शेजारणीच्या पोरांना देऊन टाकला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज बैठक होती. गेले नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. सर्दी नाही.

मंगळवारी इराईसचा निरोप आला होता, अगदी सरकारी भाषेत, सगळ्या सदस्यांना पाठवलेला: 'माहितीस्तव. जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला पुढील दोन बैठकांच्या आत फेरविचाराची मागणी करता येते.' आम्ही चौघं जिंकलेल्या बाजूचे. आमच्यातल्या बाकीच्या तिघांना तिने हे कशाला पाठवलं असेल? त्यांना काय पडलंय?

दुपारी झोपून राहिले. खरंच थोडं अंग दुखतंय.

मंगळवार, ३ डिसेंबर

गेल्या आठवड्यात ग्रासिएला एक तक्रारअर्ज घेऊन सह्या गोळा करत आली होती: नामंजुरीनंतरही १४ मध्ये माणसं राहतात. मी सही केली नाही. मंडळाच्या सदस्याला शोभत नाही, म्हणाले. ती गेल्यावर स्वतःबद्दल बरं वाटलं. किती बरं वाटलं हे आठवून आता कानकोंडं होतंय.

आज सकाळी पाव घेऊन येत होते. १४ समोर पालिकेची गाडी. दोन निरीक्षक दारावर पट्टी चिकटवत होते, 'बंद'. पदपथावर बोचकी, गाद्या, एक स्टोव्ह, कुणाचं तरी औषधाचं खोकं. थंडी अशी की तोंडातून वाफ येत होती. ओफेलिया निरीक्षकाशी हुज्जत घालत होती: "अहो, निदान दुपारपर्यंत! दोघींचं डायलिसिस आहे दुपारी, त्या कुठे आडव्या होतील?" तो म्हणत होता, "बाई, मला कागद दिला, मी चिकटवतोय. चिकटवणं एवढंच माझं काम."

तोमासा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून, दोन शाली लपेटून. मी समोरच्या बाजूला जायला निघाले होते, पण तिने हाक मारली. "ओ बाई! किती वाजले?"

तिने मला ओळखलं नव्हतं. "साडेआठ," मी म्हणाले.

"देव भलं करो."

मी घरी आले. पाव ओट्यावर ठेवला आणि तो गार होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिले.

जनाची नाही तर मनाची तरी, असं आई म्हणायची. जनाची तर मी किती राखली! आळीत माझ्यासारखी मानाची दुसरी नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पावाच्या दुकानात इराईस भेटली. भेटली म्हणजे माझी वाट बघत उभी होती. शाळेत नववीला माझ्याच वर्गात होती ही, मागच्या बाकावर.

"बाई, एक विचारू? एकशे बारा कसं आलं?"

"दारापासून दारापर्यंत."

"कलमाच्या खाली तळटीप आहे. हद्दीपासून हद्दीपर्यंत."

"मला तळटीप दिसली नाही."

तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, नववीला तुम्ही मला एकदा शून्य दिलं होतंत. नकाशाखाली प्रमाण लिहिलं नव्हतं म्हणून. तुम्ही म्हणालात, बारीक अक्षरातलं जो वाचत नाही त्याने नकाशा काढूच नये."

मी तिला रागावले. सगळ्या दुकानासमोर. कोणाशी बोलतेस कळतंय का, म्हणाले. तिने मान खाली घातली आणि पाव न घेताच गेली.

आता लिहितेच. तळटीप मी पाहिली होती. आणि त्या बुधवारी दारापासून मोजून झाल्यावर मी मागच्या बोळात गेले होते. माझ्या परसाची भिंत ते १४ च्या परसाची भिंत. सत्त्याऐंशी मीटर. फीत गुंडाळली आणि आत आले. स्वतःच्या वहीतही लिहिलं नाही. इथे कोण वाचणार होतं?

का, हेही लिहिते. घराची किंमत, लुसेरो, ग्रासिएला, सगळं थोडं थोडं असेल. पण हासिंतोच्या शेजारच्या खुर्चीवर निकान्द्रो नावाचा एक शेतकरी असायचा, डोंगरातला, बडबड्या. अकरा महिने दोघांची रक्तं शेजारशेजारच्या यंत्रांतून फिरली. दोघं मला हसायचे, मी आणलेल्या पुस्तकांना हसायचे. निकान्द्रो ओसरीत झोपायचा. एक दिवस गाडीत बसताना हासिंतो म्हणाला, "मागची खोली रिकामीच आहे. आठवड्यातून दोन रात्री येऊ दे की त्याला." मी म्हणाले, "लुसेरोचं सामान आहे तिथे." खोलीत तीन खोकी होती. हासिंतोने पुन्हा विचारलं नाही. मरेपर्यंत नाही. मला तेव्हा वाटलं, विसरला.

आता पट्टी बांधलेला दंड दिसला की मी रस्ता बदलते. आणि ही दहा खाटांची माणसं माझ्या आळीत येऊन राहणार होती.

गुरुवार, १९ डिसेंबर

बाराला ग्वादालूपे मातेचा सण होता म्हणून बैठक आजवर ढकलली होती. फेरविचाराची शेवटची संधी.

दोनदा कपडे बदलले. जाताना चर्चच्या बाजूने नाही, इस्पितळावरून गेले. ओसरीत पुठ्ठे होते. मी थांबले नाही, पण बघितलं.

विषयपत्रिका संपत आली तेव्हा हात वर केला. हा हात वर करणं त्या हातापेक्षा किती जड! मी उभी राहिले. आवाज वर्गातला लागेना, कुठून तरी भलताच लागला.

"क्रमांक १४ च्या प्रकरणात मी अंतर एकशे बारा मीटर सांगितलं. ते खोटं आहे. नियमाप्रमाणे ते सत्त्याऐंशी आहे. मला त्या दिवशीच माहीत होतं. मला मत द्यायचा अधिकार नव्हता. फेरविचार व्हावा."

कोणीतरी पेन खाली ठेवलं, ते ऐकू आलं. अध्यक्ष चष्मा काढून डोळे चोळत राहिले. मग म्हणाले, "चूक झाली असं म्हणायचंय का तुम्हाला, बाई? मोजण्यातली चूक?"

वाट काढून देत होते. भला माणूस. आणि क्षणभर मी त्या वाटेवर पाऊल टाकणारच होते.

"नाही," मी म्हणाले. "मोजता मला येतं."

व्यापारी संघाचा माणूस उसळला. "म्हणजे आता मंडळाचा सगळा निर्णय पोरखेळ! उद्या प्रत्येक जण कोर्टात जाईल!" हॉटेलवाला शेजारच्याला म्हणाला, पण मला ऐकू जाईल असं, "विधवा बायकांना रिकामपणी पदं दिली की हेच होतं." अध्यक्षांनी त्याला गप्प केलं, पण मला म्हणाले ते त्याहून लागलं: "बाई, तुम्ही आम्हाला तोंडघशी पाडलंत. आणि त्या बाईचे पाच आठवडे घालवलेत."

राजीनामा टेबलावर ठेवला. तो मी घरूनच लिहून नेला होता. त्यात सुद्धा 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं होतं. तिथेच ते खोडलं आणि नुसतीच सही ठेवली.

इराईस नोंदी लिहीत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

गावात बातमी झाली. मोबाइलवर माझा शाळेतला जुना फोटो, खाली लोकांचं लिहिणं. निम्मे म्हणतात खोटारडी, निम्मे म्हणतात धाडसी. दुसऱ्यांचं वाचवत नाही. पहिल्यांचं वाचलं की निदान ताठ बसता येतं.

ग्रासिएला माझ्या कुंपणाशी आली. "आम्ही तुला घरातली समजत होतो."

"मीही," म्हणाले.

"मग असं का केलंस? त्या लोकांसाठी?"

मला 'त्या लोकांसाठी' म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. "माहीत नाही," म्हणाले. ती म्हणाली, "माहीत नसताना माणसं इतका विचका करत नाहीत," आणि चालू लागली. रविवारचे पत्ते संपले.

गुरुवार, ९ जानेवारी

फेरसुनावणी. मी लोकांच्या बाकांवर, सगळ्यात मागे. आळीच्या बाजूला बसायची सोय नव्हती, ओफेलियाच्या बाजूला बसायचं तोंड नव्हतं. भिंतीशी एक खुर्ची होती.

सहा सदस्य, तीन विरुद्ध तीन, समसमान झाल्यावर अध्यक्षांचं मत दुहेरी. मंजूर. खाटा दहाऐवजी आठ, बाकी अटी त्याच. पार्किंगची अट शिथिल. प्राध्यापक म्हणाले की शिथिल करायचा अधिकार मंडळाला पहिल्यापासूनच होता, कलम एकवीस. म्हणजे माझं ते कारणही कारण नव्हतं. पंधरा महिने मंडळावर होते, कलम एकवीस मला पाठ आहे.

बाहेर पायऱ्यांवर ओफेलिया एकटी उभी होती. मी जाऊन म्हणाले, "अभिनंदन." याहून मूर्ख शब्द मला सापडला नसता.

ती म्हणाली, "दोन्या तोमासा दोन तारखेला गेली."

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"दाराला पट्टी लागल्यावर ती गावी राहायला गेली. ला सिएनेगियाला, चार तासांची बस. पहिला आठवडा आली, मग एकदाच आली, मग म्हणाली आता नाही होत. मी फोन करत होते. पोरगी म्हणाली, आई म्हणते ओसरीत मरायचं तर घरी काय वाईट."

"ओफेलिया, मी..."

"तुम्हाला दोष देत नाही मी, बाई. दोष द्यायला मला वेळ नाही, सोमवारपासून आठ जणं येतायत. पण मला 'शाबास' म्हणायला सांगू नका. इराईस म्हणत होती, बाईंना दोन शब्द बरे बोला, त्यांना फार लागलंय. मला नाही जमणार."

"नको," मी म्हणाले.

ती पायऱ्या उतरून गेली. गुडघा दुखतो वाटतं तिचा, एकेक पायरी आडवी उतरत होती. मी हात पुढे केला नाही. तिने घेतला नसता म्हणून की घेतला असता म्हणून, कोण जाणे.

शनिवार, १८ जानेवारी

ला सिएनेगियाला जाऊन आले. सकाळी नऊची बस, शेवटचा तास नुसती धूळ आणि वळणं. दोनदा गाडी थांबवून मला ओकायला उतरावं लागलं. तोमासा हे आठवड्यातून तीनदा करायची, आणि जाताना रक्त धुऊन अर्धमेली झालेली असायची.

तिच्या मुलीचं नाव फिदेला. चाळिशीची, रुंद हाडाची, दारात मक्याची कणसं सोलत बसलेली. शहरातली बाई बघून उठली, शालीचं टोक सारखं केलं, तोंडभर हसली. "तुम्ही त्या घरच्या ना? आई सारखी सांगायची, तिथे एक बाई आहे, रात्री पाय चेपते, पोटच्या पोरीसारखं करते. म्हणायची, पोरी, मी मेल्यावर तू जाऊन तिला भेट. आणि बघा, तुम्हीच आलात!" आणि माझे दोन्ही हात धरले.

धरू दिले मी. किती वेळ, ते लिहीत नाही. हे आजचं सगळ्यात वाईट.

मग म्हणाले, "ती मी नाही. मी तिच्या विरुद्ध मत दिलं."

तिला कळेना. मी बसून सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, जसं पहिलीच्या पोरांना सांगावं तसं: सात माणसं असतात, हात वर करतात, मग घर उघडतं किंवा बंद होतं. तिचे हात कणसांवर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"म्हणजे तुम्ही हात वर केलात."

"हो."

"आणि घर बंद झालं."

"हो."

"माझ्या आईने तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही. तिने मला वेळ विचारली होती."

तिने हातातलं कणीस संपवलं आणि दुसरं घेतलं. मग ती म्हणाली, "आज कशाला आलात? मला हे सांगून तुम्हाला हलकं वाटणार असेल तर वाटू दे. मला नाही वाटणार. मला वाटत होतं आईचे दिवस भरले होते, म्हणून गेली. आता मी रोज तुमचा हात आठवणार."

हे मला सुचलंच नव्हतं. चार तास बसमध्ये मी फक्त माझ्या धाडसाचा विचार करत होते.

उठले. ती म्हणाली, "बस चारला आहे. तोवर उन्हात कुठे जाल? बसा." आत जाऊन घेवड्याचं कालवण आणि तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, घेऊन आली, थाळी माझ्या मांडीवर जवळजवळ आपटली. "जेवा." मी जेवले. थाळी पुसून खाल्ली. मग एक कणीस उचललं. तिने अडवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "असं नाही. अंगठा खालून घाला." तेवढंच बोलली, दीड तासात.

चारच्या सुमाराला खालून बसचा भोंगा ऐकू आला. मी पिशवी घेतली.

"ते घर आता उघडं आहे?" फिदेलाने विचारलं.

"सोमवारपासून."

"खालच्या वाडीत एक आहे. परवा डॉक्टरने त्याला यंत्र सांगितलंय. तो म्हणतो, जाऊन राहू कुठे, त्यापेक्षा नको." तिने मुलाच्या वहीचा एक कागद फाडून माझ्यापुढे धरला, पेन्सिल दिली. "पत्ता लिहा. तुमचं नाव नका लिहू, त्या बाईचं लिहा."

मी कागद गुडघ्यावर ठेवून लिहिलं. तिने वाकून पाहिलं.

"मोठं लिहा," ती म्हणाली. "त्याला कमी दिसतं."

बसवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा पहिल्यापासून, एकेक अक्षर बोटाएवढं काढत लिहायला बसले.